उलटा किमोनो

पासपोर्टच्या फोटोसाठी दुकानात थांबलेल्या चिझुरूने मासिक उघडलं खरं, पण तिच्याकडून पान काही उलटेना. शेजारी एक म्हातारं जोडपं भांडत होतं.

“भर प्रदर्शनात मला मारून टाकलंत तुम्ही!”

“अगं, फोटो छापताना माझ्याकडून फिल्म चौकटीत उलटी बसली, एवढंच. डाव्याचं उजवं झालं. आता सुलटा काढून घेतोय ना?”

“एवढंच? किमोनोची उजवी बाजू वर आली! तसा प्रेताला घालतात. शेजारच्या कोमियामाबाई फोटो बघून उदबत्त्या घेऊन दारात हजर. दार मीच उघडलं, तर किंचाळल्या बिचाऱ्या!”

“पण परीक्षक काय म्हणाले? ‘चेहऱ्यावर या जगातली वाटू नये अशी शांती आहे.’ दुसरं बक्षीस दिलं की!”

“मेलेल्या बाईला पहिलं तरी द्यायचं!”

“आमच्या फोटो क्लबात कुणाच्याच लक्षात आलं नाही गं.”

“क्लब गेला खड्ड्यात. तुमच्या कसं नाही आलं? किमोनोचं राहू द्या, गालावरचा एवढा मोठा तीळ उडी मारून पलीकडे गेला!”

“मी उजेड बघत होतो.”

“जन्मभर उजेडच बघत आलात. बरं, तिकडे भिंतीकडे तोंड करा. हं, आता सांगा. तीळ कुठल्या गालावर?”

चिझुरूने मासिकाआडून म्हातारीचा गाल बघून घेतला.

“सांगा ना!”

“सांगतो, सांगतो. जरा तो बक्षिसाचा फोटो दे बघू इकडे.”