चाळीस की बेचाळीस

(औरंगपुऱ्यातलं मुख्तारभाईंचं तयार कपड्यांचं दुकान. गुरुवारची दुपार. आरशासमोर तिघं : मुख्तारभाई, करमाडहून आलेले, अंगात निळा कोट घातलेले राजकुमार आणि त्यांची मुलगी विशाखा.)

राजकुमार : काढ बाई हे. बँडवाला दिसायलोय मी.

विशाखा : हलू नका, पप्पा. चाचा, इकडे मागून बघा. कॉलर मानेपासून सुटलीय. माझी दोन बोटं आरामात आत जातायत.

मुख्तार : बेटा, बेचाळीस नंबर आहे. छातीला बरोबर बसला का नाही, ते सांग.

विशाखा : छातीला बसला. खांद्याचं काय? शिवण दंडावर उतरलीय. बाही अंगठ्यापर्यंत आलीय.

मुख्तार : बाही छोटी होते. ते काम काहीच नाही.

विशाखा : आणि खांदा?

मुख्तार : खांद्याला हात लावायचा म्हणजे अख्खा कोट उसवायचा. मी नाही करणार. आणि दुसरा कोणी करून देतो म्हणाला, तर त्याला देऊ पण नको.

विशाखा : मग चाळीस.

मुख्तार : चाळीस घालून पाहिला ना आत्ताच. खांदा एकदम फर्स्टक्लास, पण बटण लागेना. बटण बिचारं माझ्याकडं बघून रडायला लागलं.

राजकुमार : म्हणून तर म्हणतो, चल घरी. हे तिसरं दुकान हाय. आपल्या अंगाला कोट नाय बसत. काही अंगं नसतेत कोटाची.

विशाखा : असं काही नसतं.

राजकुमार : असतं. माझा तो सफारी हाय ना, बदामी, तो घालतो. जेवणाकडं उभा राहतो. वाढप्यांवर लक्ष ठेवायला कोणीतरी घरचं लागतंच. स्टेजवर तुझी मम्मी हाय, मामा हाय.

विशाखा : येत्या रविवारी माझं लग्न आहे, आणि माझे वडील भाताच्या पातेल्याजवळ उभे?

राजकुमार : त्यात काय कमीपणा हाय?

विशाखा : कमीपणा नाही. पण तुम्ही तिथं का उभे राहणार, ते मला माहिती आहे ना. सुयशच्या पप्पांमुळे.

राजकुमार : व्याही बँकेतून रिटायर झाले. त्यांच्या अंगावर कोट कसा, जन्मल्यापासून घातल्यागत. मी फोर्कलिफ्टवर आयुष्य काढलं.

विशाखा : त्यांना काहीसुद्धा वाटणार नाही.

राजकुमार : त्यांचं नाय गं, विशू. स्टेजवर मागं फोटो असतेत. बुद्धाचा न् बाबासाहेबांचा. त्या फोटोतला कोट तू कधी नीट बघितला का? मी बघितलाय, आपल्या घरात भिंतीवरच हाय. खांद्यावर एक सुरकुती नाय. त्याच्याखाली मी हे असं गबाळं घालून उभं राहू? नको. घालायचा तर नीट घालायचा, नायतर नायच घालायचा.

मुख्तार : बात तर बरोबर आहे, भाऊ.

विशाखा : चाचा, तुम्ही पण त्यांच्याच बाजूनं.

मुख्तार : मी गिऱ्हाईकाच्या बाजूनं, बेटा. थांबा, एक पीस दाखवतो. सगळ्यांना नाही दाखवत. हे बघा. इंपोर्टेड. चमक बघा कशी आहे. अकरा हजार, पण लग्नात दुसऱ्या कोणाच्या अंगावर दिसणार नाही.

राजकुमार : चांगला दिसतो की.

विशाखा : लेबलवर फक्त 'वूल ब्लेंड' लिहिलंय. लोकर किती टक्के?

मुख्तार : टक्के? टक्के परीक्षेत असतात. कोटाला कोण विचारतो?

विशाखा : मी विचारते. औषधांच्या कंपनीत लॅबमध्ये आहे मी. लेबलवर काय किती आहे ते नसेल, तर आम्ही माल गेटवरच थांबवतो.

राजकुमार : सवय हाय तिला. घरी मिठाची पुडी आणली तरी आधी मागून वाचती.

विशाखा : थांबा, मुठीत धरून बघते... सोडलं. बघा चाचा, चुरगळलं ते चुरगळलंच. लोकर असती तर थोडी तरी सुटली असती. आणि इथं छातीवर दोन बोटांनी कापड उचला. वरचं कापड आणि अस्तर, दोनच थर लागतायत. मधला थर वरच्या कापडाला चिकटवून टाकलाय.

राजकुमार : चिकटवला तर काय व्हतं?

विशाखा : दोनदा ड्रायक्लीनिंगला दिला की डिंक सुटतो आणि छातीवर फुगे येतात. त्या निळ्यात मधला थर सुटा लागतो, तो शिवलेला आहे. मघाशीच बघितलं मी. आणि तो सात हजारांना आहे.

मुख्तार : हे कुठं शिकलीस गं?

विशाखा : मोबाइलवर. चार रात्री तेच बघतेय. सुयशचे मेसेज पण राहिलेत वाचायचे.

मुख्तार : आता खरं सांगू का? निळा माझ्या दुकानातला सगळ्यात चांगला माल आहे. एक्स्पोर्टमधून उरलेला. पण चमकत नाही, म्हणून कोणी हात लावत नाही. दोनच पीस राहिलेत, एक चाळीस, एक बेचाळीस. दोन्ही तुम्ही घालून पाहिले.

राजकुमार : म्हणजे एक मोठा, एक लहान. झालं. चला.

विशाखा : चाचा, छाती परत एकदा मोजाल?

मुख्तार : तीनदा मोजली, बेटा.

विशाखा : एकदा अजून. प्लीज.

मुख्तार : या, भाऊ. कोट काढा, हात थोडे वर. हां... बेचाळीस. परत बेचाळीस. टेप खोटं बोलत नाही.

विशाखा : आणि खांद्याच्या मापानं नंबर किती यायला पाहिजे?

मुख्तार : खांद्यावरून चाळीस. पोटावरून तर त्याच्या पण खाली. अशी बॉडी मी पैलवानांची पाहिली फक्त. भाऊ, आखाड्यात होता का कधी?

राजकुमार : नाय. जत्रेत बघितल्या कुस्त्या.

विशाखा : हेच मला कळत नाहीये. चार वेळा मोजलं, चार वेळा बेचाळीस.

मुख्तार : मग बरोबरच असणार ना.

विशाखा : तसं नसतं, चाचा. काटाच बिघडलेला असेल तर चारही वेळा सारखंच चुकीचं वजन येतं. सारखं येणं वेगळं आणि बरोबर येणं वेगळं.

मुख्तार : माझी टेप नवी आहे, हां! मागच्याच महिन्यात घेतली.

राजकुमार : अगं, त्यांच्या टेपीवर कामून घेती? माझं अंगच तसं हाय. तुझी मम्मी लग्न झाल्यापासून माझे शर्ट बगलेतून आत घेती. कंपनीचा ड्रेस पण तसाच, आत दोन माणसं मावतील.

विशाखा : कंपनीचा ड्रेस पण माप घेऊनच शिवतात ना?

राजकुमार : मग. दरवर्षी टेलर येतो.

विशाखा : त्याची टेप वेगळी, आणि कपडा तरी ढगळच. म्हणजे टेपीचा दोष नाही... पप्पा, चाळीस परत घाला एकदा.

राजकुमार : नायच लागत बटण त्याचं!

विशाखा : नका लावू बटण. नुसता घाला.

राजकुमार : घाल म्हणली की घाला... घे. घातला. आता? थांब, मम्मीचा फोन वाजायलाय. — हां संध्या, बोल. — नाय गं, अजून नाय. — कोण, कचरूदाजी? त्यांना सांग, गाडी शाळेपासून सुटणार हाय, त्यांच्या ओट्यापासून नाय. — आन् मनकर्णाआत्याला पुढं बसव. तिला मागं बसलं की उलटी व्हती. — कोटाचं काय सांगू आता. बेचाळीस लोंबतो, चाळीसचं बटण लागत नाय. किती जोर केला, लागतच—

विशाखा : पप्पा.

राजकुमार : — थांब, विशू काय म्हणती. काय गं?

विशाखा : तुमचा हात बघा. तुम्ही आत्ता बटण लावलंत.

राजकुमार : मी? कुठं?

विशाखा : चाळीसचं. बोलता बोलता. लागलंय ते.

मुख्तार : अरे, लागलंय की! मी पाहत होतो, माझ्या पण ध्यानात नाही आलं. बघू, बघू जवळून. भाऊ, सीधे उभे रहा.

विशाखा : थांबा! हे बघा, परत ताणलं. चाचा, तुम्ही टेप घेऊन पुढं आलात आणि बटण ताणलं.

मुख्तार : मी हात पण नाही लावला!

विशाखा : टेप मागं लपवा. पप्पा, फोन ठेवू नका. मम्मीशी बोला.

राजकुमार : काय बोलू?

विशाखा : काहीही. मंडपवाल्याचं विचारा.

राजकुमार : — संध्या, मंडपवाला आला व्हता का? — बरं. — काय? गुलाबी? झालर गुलाबी कोणी सांगितली त्याला? निळी न् पांढरी ठरली व्हती, मी स्वतः जाऊन सांगितलंय! — तू त्याला फोन दे. — गेला? असा कसा गेला?

विशाखा : चाचा, आता. मागून, कोटाच्या आतून. हळूच.

मुख्तार : ...या अल्लाह. साडेअडतीस.

विशाखा : परत बघा.

मुख्तार : साडेअडतीस, बेटा. आमच्या दुकानात माणूस बारीक झाला!

राजकुमार : — ठेव संध्या, इथं काहीतरी चाललंय माझ्या पाठीमागं. — काय रे भाऊ? कामून हसायले तुम्ही दोघं?

विशाखा : पप्पा, टेप दिसली की तुम्ही छाती फुगवता.

राजकुमार : मी कामून फुगवू?

विशाखा : चाचा, टेप दाखवा त्यांना. ...बघा! बघा आरशात. श्वास कुठं गेला?

राजकुमार : ...आयला.

मुख्तार : भाऊ, सोडा, सोडा श्वास. बटण उडून माझ्या डोळ्यात येईल.

राजकुमार : हे तर मला पण म्हाईत नव्हतं.

विशाखा : कधीपासून करता असं?

राजकुमार : कधीपासून म्हणजे... जाऊ दे ना. नंबर कळला ना, झालं तर.

विशाखा : पप्पा.

राजकुमार : हसायचं नाय, हां. पोलीस भरतीला गेलो व्हतो. तुझी मम्मी यायच्या आधीची गोष्ट. पळण्यात पास, उंचीत पास. राहिली छाती. तिथं दोनदा मोजतेत. आधी साधी, मग फुगवून. दोन्हीत पाच सेंटीमीटरचा फरक लागतो.

विशाखा : मग?

राजकुमार : मग काय. माझ्या पुढचं पोरगं छातीतच बाद झालं. मी घाबरलो. टेप दिसल्याबरोबर दम धरला न् जेवढी फुगती तेवढी फुगवली. साहेब म्हणला, छान, आता फुगव.

मुख्तार : या खुदा!

राजकुमार : आता कुठून फुगवू? भरलेल्या टायरात अजून हवा मारायची म्हणल्यावर? तोंड लाल झालं, पण टेप हलली नाय. साहेब म्हणला, फरक शून्य, जा घरी. मी म्हणलं, साहेब, पहिलं माप परत घ्या, कमी भरतं ते. तर म्हणला, छाती कमी भरते म्हणून भांडणारा तू पहिलाच.

मुख्तार : माफ करा, भाऊ. मला... मला पाणी प्यावं लागेल.

राजकुमार : हसा. मी पण आता हसतो. तवा नव्हतो हसत. पुढच्या भरतीसाठी रोज सकाळी छातीला दोरी गुंडाळून फुगवायचा सराव केला. भरती निघाली तवा वय उलटून गेलं. सराव तेवढा अंगात राहिला, असं दिसतंय.

विशाखा : आणि मम्मी एवढी वर्षं शर्ट आत घेत बसली. मला वाटायचं, तुम्हाला ढगळच आवडतं.

राजकुमार : मला वाटायचं, शिंपीच तसले.

विशाखा : चला, आता माझं ऐका. श्वास सोडा. बटण लावा. हात वर करा, फुलं टाकताना करतात तसे. ताणतो कुठं?

राजकुमार : नाय.

विशाखा : आता वंदनेला बसतो तसं बसा. गुडघ्यावर.

राजकुमार : इथं? दुकानात?

मुख्तार : बसा भाऊ, फरशी आत्ताच पुसलीय.

विशाखा : हात जोडा, पूर्ण वाका. पाठीत? बगलेत?

राजकुमार : काहीच नाय. अंगात घातलाय असं पण वाटंना.

विशाखा : उठा. आरशात बघा. मी काही बोलत नाही, तुम्हीच सांगा.

मुख्तार : काय झालं, भाऊ? पसंत नाही?

राजकुमार : मागून कसा दिसतो, विशू?

विशाखा : कॉलर मानेला चिकटून. बाही मनगटापर्यंत, खाली शर्टाची पट्टी दिसतेय, बरोबर जेवढी दिसायला पाहिजे तेवढी. ह्याला सुई लावायची गरज नाही.

राजकुमार : बसला म्हण की.

विशाखा : बसला, पप्पा.

मुख्तार : आणि भाऊ, सहा हजार पाचशे द्या. पाचशे कमी. आज घरी जाऊन माझ्या बेगमला, अख्तरीला, ही भरतीची गोष्ट सांगणार, त्याचे.

राजकुमार : गावात नका सांगू म्हणजे झालं.

मुख्तार : करमाडला माझं कोण आहे? काढा आता, घडी घालून कव्हरमध्ये देतो. घरी हँगरलाच ठेवायचा, खुंटीला नाही टांगायचा.

राजकुमार : काढतो. एक मिनिट थांबा. विशू...

विशाखा : काय?

राजकुमार : स्टेजवर बाप पोरीच्या कोणत्या बाजूला उभा राहतो गं?

विशाखा : मला पण नाही माहिती, पप्पा.

राजकुमार : मग कोणाला तरी विचारून ठेव. ऐन वेळेला गडबड नको.