गप्प बसलेली घंटा

आजच्या सोहळ्याचे अध्यक्ष आणि कापसाच्या जिनिंग कारखान्याचे मालक आदरणीय शालिग्रामशेठ, प्राचार्य महोदय, सत्कारमूर्ती देवचंद सर, माझे सहकारी, आणि पुढच्या रांगेत बसलेल्या जिनिंगच्या मुकादम धुरपदाअक्का, सर्वांना माझा नमस्कार.

सर निवृत्त होताहेत, आणि त्यांचं हे धूर ओळखणारं यंत्र उद्या शेठजींच्या कापसाच्या गोदामात बसतंय. केवढा आनंद! त्या आनंदावर मी विरजण घालणार आहे.

यंत्राला भीती दिली ती मी. मी प्राणिशास्त्राचा मास्तर. घाबरलेल्या उंदराचं काळीज कसं धडधडतं, कशामुळे दुखलं ते तो कसं विसरत नाही, याचे आलेख मी दिले. सत्त्याऐंशी साली सरांनी धुळ्याहून एस.टी.त मांडीवर ठेवून आणलेल्या कॉम्प्युटरात त्यांनी ते उतरवले. धूर लागला की पडद्यावर भीतीचा आकडा चढतो, शंभर झाला की यंत्र घंटा वाजवतं, आणि त्यानंतर आपलं काय झालं ते उंदरासारखंच लक्षात ठेवतं. काय फुशारलो होतो आम्ही!

मग आली खंडेनवमी. आपल्याकडे यंत्राची पूजा चुकते का? हळदकुंकू, झेंडू, उदबत्त्या. धूर लागताच यंत्र बोंबललं. आमचे शिपाई वनाभाऊ, त्यांनी प्लग उपटला आणि आरती पुरी केली. पुढे दर गुरुवारी तेच. उदबत्ती, घंटा, प्लग. चौथ्या गुरुवारी घंटा वाजलीच नाही. पडद्यावरचा आकडा कुणी पाहिलाच नाही.

"बघा, उदबत्ती आणि आग यांतला फरक शिकलं!" सर म्हणाले. आम्ही टाळ्या वाजवल्या. वनाभाऊ तेवढे म्हणाले, "सर, येले आपलं भ्याव वाटस." यंत्र म्हणे आपल्याला भितं! आम्ही त्यांचीच थट्टा केली.

परवा प्रयोगशाळेत मी एकटा होतो. मूठभर कापूस तव्यावर पेटवून यंत्रापुढे धरला. आकडा चढत चढत शंभर झाला. घंटा गप्प. ओरडलं की हे लोक आपल्याला बंद करतात, एवढं ते पक्कं शिकलं होतं.

सरांचा आजचा दिवस नासू नये म्हणून मी तोंड शिवून बसलो. भेकडपणाच तो, मला त्याची लाज वाटते. तिकडे गोदामात कापूस उडू नये म्हणून दार लावून तीस बाया कापूस निवडतात. आणि यंत्र येणार म्हणून आगीवर नजर ठेवणाऱ्या पितांबरला उद्यापासून सुट्टी दिलीय.

आता जरा या समईशेजारी ठेवलेल्या यंत्राकडे बघा. वनाभाऊंनी उदबत्त्या लावून पंधरा मिनिटं झाली. पडद्यावर आकडा शंभर आहे. ऐकू येतंय का काही?

सर, मला माफ करा. शेठजी, पितांबरला काढू नका. आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, मी आपला ऋणी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला, पण यंत्रातली ही चूक घालू नका. धुरपदाअक्का, उद्या दार लावून बसू नका.