पेवाला मतं शून्य

नाव नाही घेत मी कुणाचं, पण या भाषेचा गळा तुमच्यातल्याच कुणीतरी दाबलाय! शेजारी काय बघताय? शेजारचाही तुमच्याकडंच बघतोय! आणि खोटं बोलणाऱ्यावर माझा राग नाही हो, तो बिचारा कष्ट तरी घेतो, डोकं चालवतो, रंगवून रंगवून सांगतो... माझा राग आहे तो समोर खरं असताना, अगदी ताटात वाढून ठेवलेलं असताना, ते बाजूला सारून खोट्यावर ताव मारणाऱ्यांवर. शिसारी आलीय मला. तुम्हाला सांगते, शिसारी!

आम्ही चौघं. कॉलेजातली जुनी टोळी. मी संस्कृती, राहणार सोलापूर, शुक्रवार पेठ. श्रावणी भवानी पेठेत, तिच्या घरामागं यंत्रमाग चालतात, त्यामुळं ती माइक सुरू करते तेव्हा आधी खटखट ऐकू येते आणि मग श्रावणी. अभिमन्यू विमा विकतो, सात रस्ता चौकात त्याचं ऑफिस आहे, म्हणजे एक टेबल आहे आणि मागं खिडकीतून अख्ख्या सोलापूरचे हॉर्न आहेत. आणि अद्वैत पुण्यात असतो, त्याच्या मागं पांढरी भिंत असते आणि त्याच्या तोंडात 'लिटरली' असतं. कॉलेज सुटलं तसं भेटणं सुटलं, म्हणून मीच म्हटलं, दर शनिवारी संध्याकाळी सहाला व्हिडिओ कॉलवर भेटू, पण नुसतं 'काय मग, जेवलीस का' करायला नको, काहीतरी चांगलं करू, आपल्या भागातले जुने शब्द विसरायला लागलेत, त्यांचा खेळ करू!

खेळ सोपा. मी एक शब्द सांगायचा. बाकीच्यांनी त्याचा खोटा अर्थ रचून मला गुपचूप पाठवायचा. मग मी सगळे खोटे आणि त्यात मिसळून एक खरा, असे ओळीनं वाचून दाखवायचे, आणि प्रत्येकानं मत द्यायचं, खरा कुठला. तुमच्या थापेला मत पडलं की तुम्हाला गुण. मी नाव ठेवलं होतं 'शब्दांच्या भेटी'. दुसऱ्याच शनिवारी अभिमन्यूनं ग्रुपचं नाव बदलून 'थापा मारा' केलं. मी म्हटलं, हे काय? तर म्हणतो, ''अगं, संस्कृती धोक्यात आहे!'' माझ्या नावावरचा हा विनोद मी बालवाडीपासून ऐकतेय, आणि ऐकवणाऱ्या प्रत्येकाला वाटतं की आपल्यालाच पहिल्यांदा सुचला.

पहिला शब्द दिला होता पाणंद. साधा, गोड शब्द. दोन्हीकडं कुंपण आणि मधून शेताकडं जाणारी वाट. आणि यांनी काय निवडावं? अद्वैतची थाप! ''पाणंद, म्हणजे पाण्याचा आनंद. पोहायला जाणे.'' अरे, मग 'पाण्यानंद' झालं असतं की रे! संधी शिकवला होता ना आठवीत? दोन मतं पडली त्याला. आणि खऱ्याला मतं किती? शून्य.

पुढं माळवद. मातीचं सपाट छप्पर हो! आपल्याकडं गावोगाव होती अशी घरं! तर श्रावणी, ''माळ घालताना नवरीनं जे वदायचं, ते माळवद. म्हणजे उखाणा.'' सगळे खूश! अद्वैतला तर इतकं पटलं की त्यानं 'वॉव' पाठवलं. मी म्हटलं, तू काय वॉव करतोस, तुझ्या गावच्या घराला माळवद आहे, त्याच्यावरून तू पतंग उडवलेस, एकदा खाली पडून हात मोडलास! तर हा म्हणतो कसा, ''ते व्हय? त्याला आम्ही धाबं म्हणतो की!'' म्हणजे बघा, हात मोडला तरी शब्द कळला नाही. खऱ्याला मतं? शून्य.

असे चौदा शनिवार. चौदा! मी वही केलीय, एकशे बारा शब्द आहेत त्यात, सुट्टीत गावोगाव जाऊन लिहून आणलेत, कुणाच्या ओसरीवर बसून, कुणाच्या शेळ्यांमागं चालून. आणि ते इथं आणून मांडायचे, तर ही माणसं त्यांच्याकडं ढुंकून बघत नाहीत. मला गुण नको होते हो. बक्षीसही नको. एकदा, फक्त एकदा, एका माणसानं खऱ्याकडं बोट करून 'हे' म्हणावं, एवढंच. कारण माझी अशी समजूत होती... हसू नका... माझी अशी समजूत होती की माणसाच्या कानावर खरं पडलं की आत कुठंतरी वाजतं. तांब्याच्या भांड्यावर टिचकी मारल्यासारखं. काय वाजतंय! माठ सगळे.

मागच्या शनिवारी अभिमन्यूनं तोंड उघडलं. मागं हॉर्न चालूच. ''हे बघ संस्कृती, खेळ चांगला हाय, पण लई अभ्यास झाल्यागत वाटायला लागलंय. पुढच्या वारपास्नं लुडो खेळू.'' मला वाटलं बाकीचे दोघं काही बोलतील. अद्वैत म्हणाला, ''लुडो लिटरली भारी असतं.'' श्रावणीकडून नुसती खटखट. म्हणजे तिचंही तेच.

माझं डोकंच सटकलं. मी म्हटलं, लावा पैज! आज शेवटचा शब्द. खऱ्याला एक मत पडलं, एक, फक्त एक, तर हा खेळ वर्षभर चालणार आणि तुम्ही मुकाट खेळणार. नाही पडलं तर खुशाल लुडो खेळा, सोंगट्या गिळून टाका, मला काय! ''डन!'' तिघांनी एका सुरात. खरं सोडून इतर सगळ्या बाबतींत यांची एकी असते.

आणि मी शब्द काढला, पेव.

का काढला? कारण तो या सगळ्यांच्या तोंडात असतो! 'क्लासेसचं पेव फुटलंय', 'उमेदवारांचं पेव फुटलंय', रोज पेपरात कुठं ना कुठं पेव फुटलेलं असतंच. त्याआधीच्याच शनिवारी अद्वैत म्हणाला होता, पुण्यात कॅफेंचं पेव फुटलंय! म्हटलं, जो शब्द रोज फोडता, तो आहे काय ते तरी ओळखाल की नाही?

आणि दुसरं कारण म्हणजे कुंडलिकमामा. आईचे मामा, म्हणून घरात सगळ्यांचेच मामा. वय अठ्ठ्याहत्तर, मंगळवेढ्याकडचे, जन्म सगळा ज्वारीत गेलेला. मोतीबिंदूचं ऑपरेशन करून आमच्याकडं आठ दिवस राहायला आलेत. काळा चष्मा लावून कॉटवर बसतात आणि रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक मोटारसायकलीला 'आली बग' म्हणतात. आणि हे मामा, तुम्हाला सांगते, स्वतः पेवात उतरलेले आहेत! शब्द माहीत असणं वेगळं आणि शब्दात उतरून वर येणं वेगळं. मी त्यांना शेजारी बसवलं, जाहीर केलं, आज मामापण खेळणार. अर्थ त्यांना सांगितला नाही. हो, मी असलं करत नाही. आणि सांगायची गरज काय? मत मिळाल्यातच जमा होतं!

''शब्द आहे पेव.''

खटखट खटखट... ''पाव? पाव माहितेय की मला!'' श्रावणी.

''पेव गं, पेव! तू माइक बंद कर.''

आले अर्थ. मामांना म्हटलं तुम्हीपण एक खोटा सांगा, तर म्हणाले, ''खोटं कशाला सांगू? माझं काय अडलंय?'' बरं, राहू दे. मी वाचायला घेतलं. पहिला, मानेवर येणारं मोठं गळू, पिकलं की फुटतं. हा अद्वैतचा, वास येतोच आहे. दुसरा, तळ्याचा कच्चा बांध. हा श्रावणीचा. तिसरा, जमिनीत खोल खड्डा खणून, त्याला आतून कडबा लावून ज्वारी साठवायची जागा, उघडली की धान्यच धान्य. हे खरं. आवाज न बदलता वाचलं मी, शपथ. आणि चौथा अभिमन्यूचा...

अभिमन्यूची थाप म्हणजे काय सांगू! विमा विकून विकून याच्या जिभेला साय आलीय. ''जुन्या लिंबाच्या खोडात एक पोकळी असते. मधमाश्या तिथं वर्षानुवर्षं मध साठवतात. चैत्रात झाड तापलं की ती पोकळी आपोआप फुटते आणि मध खोडावरून खाली वाहायला लागतो. तेच पेव. त्याखाली जो पहिला उभा राहील, त्याचं त्या वर्षी लग्न ठरतं.'' आता सांगा! कडुलिंबाच्या झाडाला, मध, तोही आपोआप, आणि वर लग्न! भोळेपणालाही काही हद्द?

मतं घेतली. अद्वैत म्हणतो, ''मध. लिटरली मध.'' श्रावणीनं माइक सुरू केला, खटखट, ''मध गं, मध, तिसरं तर काहीतरीच आहे, जमिनीत ज्वारी ठेवली तर ओल नाही लागणार?'' अभिमन्यूला स्वतःला मत देता येत नाही, त्यानं बांधाला दिलं, वर म्हणतो, ''ज्वारीचं सोडून काहीही.'' रोज दोन वेळा ज्वारीची कडक भाकरी शेंगाचटणीबरोबर हाणतात, आणि ज्वारी नको! आतापर्यंत खऱ्याला मतं किती? शून्य.

''झालं, लुडो!'' अभिमन्यू ओरडला.

''थांबा!'' मी म्हटलं. ''मामांचं मत राहिलंय.'' आणि मोबाइल वळवला मामांच्या काळ्या चष्म्याकडं. ''मामा, यांना आधी सांगा, तुम्ही कधी पेव बघितलंय?''

''चीटिंग!'' अभिमन्यू. ''साक्षीदार आणलाय!''

''कोर्ट आहे का हे? नियमात कुठं लिहिलंय साक्षीदार चालत नाही म्हणून? बोला मामा!''

आणि मामा बोलायला लागले. ''आमच्या गावच्या पांढरीत, गावठानात, चार पेवं हुती की. वर तोंड एवडंसं, आन आत ह्येऽऽ पोट. तळाला कडबा, कडंनं कडबा, मदी जुंधळा. वरनं माती. पेव उगाडलं की लगी उतरायचं नसतं, आत वाफ धरती. दोन दिस उगडं टाकायचं, मग कंदील सोडून बगायचा. इजला तर उतरायचं न्हाई. आमच्या चुलत्याला घाई, पावणं यायचं हुतं. माजं नवीन लगीन झाल्यालं, मला वाटलं बायकू बगती, आपून उतरावं. कमरंला दोर बांदला न् गेलो. एक पाटी भरून वर दिली. दुसरी भरताना पाय गेलं, डोळ्याम्होरं अंदार. वर वडून काडला, तवा बायकू बोंबलाय लागलीती. कांदा फोडून नाकाला लावला, तवा कुटं डोळं उगाडलं.''

आणि तुम्हाला सांगते, तिघंही कान देऊन ऐकत होते. पहिल्यांदा! चौदा शनिवारांत पहिल्यांदा! श्रावणीनं न सांगता माइक बंद केला. अद्वैत पांढऱ्या भिंतीला टेकला. ''मामा... लिटरली मेला असता की तुम्ही.'' अभिमन्यूच्या मागचे हॉर्नसुद्धा मला वाटतं जरा दमले. आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं हो, खोटं कशाला बोलू. वाटलं, वाजलं! वाजलं शेवटी तांब्याचं भांडं! आता हे तिघं पुढच्या शनिवारी येतील, वहीतला पुढचा शब्द ऐकतील, आणि ओळखतील, कारण त्यांना आज कळलं की शब्दाच्या आत माणूस उतरलेला असतो, दोर बांधून उतरलेला असतो, आणि...

असो. मी छाती फुगवून विचारलं, ''मग मामा! आता सांगा मोठ्यांदा. चारांतलं कुठलं?''

मामांनी चष्मा जरा वर सरकवला. ऑपरेशनचा डोळा पुसला. म्हणाले, ''ते मदाचं.''

''काय?''

''ते लिंबाचं, मदाचं वाचलंस न्हवं, त्येला दे माजं.''

तिकडं तर नुसता धुमाकूळ! अभिमन्यू टेबलावर चढून नाचायला लागला, ''मामा, तुमचा विमा मी फुकट काढतो!'' अद्वैत खुर्चीतून खाली. श्रावणी माइक सुरू करून हसतेय, आता माग कुठला आणि श्रावणी कुठली कळेना. ग्रुपचं नाव तिथल्या तिथं बदललं, 'लुडो सोलापूर'. आणि मी? मी वही मिटली. ज्या माणसानं खऱ्याच्या पोटात उतरून, खऱ्यानंच गुदमरून, खऱ्यापायी कांदा हुंगलाय, त्याच्याही दारात खऱ्याला मतं किती? शून्य! मग मी कुणाच्या जिवावर भांडू? कुणासाठी लिहू? तुम्हीच सांगा... नका सांगू, तुम्हीपण मधच म्हणाल.

कॉल बंद केला आणि मामांकडं वळले. रडायला आलं होतं मला. म्हटलं, ''मामा, अहो, तुम्हाला तर माहीत होतं! तुमचं खरं होतं ना?''

मामांनी कॉटवर पाय वर घेतले आणि म्हणाले, ''खरंच हाय की पोरी, माज्याबिगार कुणाला ठावं? पन एकडाव उतरलोय मी त्यात, मरता मरता वाचलोय. आता मत दिऊन पुन्यांदा उतरू व्हय?''