किल्ली बाबांकडे द्या

—टाचांचा आवाज हो, ताई. खाटेच्या लोखंडी पट्टीवर टाचा आपटल्याचा. किती वर्षं झाली, पण कानातून जात नाही. मुलाची नशा सुटावी म्हणून मीच त्याला खोलीत कोंडलं होतं, आणि तो आत पाय झाडत होता. तुमच्या मुलीवर ती वेळ नाही येणार, घाबरू नका. या दवाखान्यातलं औषध चांगलं आहे — मेथाडोन, नशेच्या जागी देतात ते. रोज एवढंसं प्यायचं, की अंग शांत, डोकं ताळ्यावर. माझा मुलगा त्याच्यावरच माणसात आला. फाटकातून उजवीकडे टायरचं दुकान आहे ना, तिथे कामाला लागला. डावीकडे पुलाखाली त्याची जुनी टोळी बसते, तिकडे बघतसुद्धा नाही. मग इथले लोक म्हणाले, रोज कशाला येतोस, आठवड्याच्या बाटल्या घरी ने. पेटीत ठेवायच्या, कुलूप लावून. आणि किल्ली कोणाकडे? तोच म्हणाला, बाबांकडे द्या.

आता माझा मेहुणा — त्याच्या जिभेला हाड नाही — म्हणाला, दाजी, एक सोडलं नि दुसरं धरलं, सुटलं कुठे? ते मनात घर करून बसलं. म्हटलं, हळूहळू कमी केलं तर त्याला कळणारही नाही. घोटभर मोरीत ओतायचं, तेवढंच पाणी घालायचं. चवीला थोडी साखर. पुढच्या आठवड्यात आणखी जरासं. वाईट हेतू होता का? नव्हता हो. बाप आहे मी—

परवा शेजारच्या खोलीतून तोच आवाज आला. टाचांचा. सकाळी मला म्हणतो, बाबा, माझंच मन कच्चं, पुन्हा ओढ लागलीय. मला म्हणतो! आणि मी काय म्हणालो? घाम पूस म्हणालो.

आत्ता आत डॉक्टरांना तेच सांगत असेल. ते डोस वाढवतील — आणि अंगाची सवय तर मी मोडून ठेवलीय. एवढं एकदम पोटात गेलं तर झोपेतच श्वास थांबतो, नर्सबाईंनी बजावलं होतं किल्ली देताना. दार ठोठावून सांगायला हवं, नाही का? हवंच. उठतोच मी. पण ताई, तुम्हीच जाऊन सांगाल का? तुम्ही परक्या, तुम्हाला सोपं— असं काय बघताय? माझ्या मागे कोण—

अरे. तू कधी आलास बाहेर?

या नव्या बाटल्या बाकावर कशाला ठेवतोस? घरी नेऊ ना. मी हात नाही लावणार — किल्लीही तूच ठेव, ही घे — घे ना, बाळा— थांब, मीही येतो— फाटकापाशी थांब. उजवीकडे. बाळा, उजवीकडे वळ—