पिवळे तळहात

न्हाई अनुपमाताई, ती गोळ्यांची डबी काउंटरवर मांडूच नका, बॅगेत ठेवा — मला बघवत न्हाई. तुम्ही कंपनीतर्फे आलाय, पुण्याहून केडगाव आन् तिथून इथं मांडवगणापर्यंत उन्हातान्हाचं, ते समजतं मला, बसा, पाणी घ्या. पण त्या डबीवरची बाई बघा — डावीकडं काळी, उजवीकडं गोरी, बाई तीच. आन् मधी एक गाजर. किळस येते हो. वीस वर्षं मेडिकल चालवतोय मी, लोकांच्या जखमा बघितल्या, पू बघितला, कवा तोंड फिरवलं न्हाई. ह्या गाजराकडं बघितलं की तोंड फिरवावंसं वाटतं.

काय म्हणता, संशोधन हाय? असंल की. मी कुठं न्हाई म्हणतो. गाजरात, पपईत, शेवग्याच्या पाल्यात ते कॅरोटीन असतं, ते कातडीला चांगलं, उन्हापासून थोडाफार आधार देतं म्हणतात — थोडाफार, तेही महिनोन् महिने घेतल्यावर, आन् डोक्यावरची ओढणी त्यानं सुटत न्हाई. मग एवढंच छापा ना. पण एवढं छापून डबी खपत न्हाई, व्हय ना? मग गोरं करायचं. गाजर खाऊन कोण गोरं झालंय? ससा?

सांगतो तुम्हाला. गावात एक पोरगी हाय, अल्फिया. बी.एस्सी. झालेली, केडगावच्या एका शाळेत विज्ञान शिकवते, स्कूटीवर जाते-येते, रंग सावळा. तिला दौंडचं स्थळ आलं — अझरुद्दीन नावाचा पोरगा, रेल्वेत. फोटो पसंत पडला, पण फोटो मोबाईलवरचा, तो कसा असतो तुम्हाला म्हाईत. आता समोर बघितल्यावर काय होईल, ही घरच्यांना धास्ती. मग सुरू केल्या गोळ्या — तुमच्या न्हाई, दुसऱ्या कंपनीच्या, पण माल हाच. डबीवर लिहिलेली रोज एक, दिल्या तीन. वर गाजराचा रस, सकाळ-संध्याकाळ. मेहरुन म्हणायची, अहो, पोरीला रसाच्या वासानं उमासे येतायत, आता बास करा — तर मी म्हणायचो, पंधरा दिवस कळ काढ —

हां. माझीच पोरगी. मेहरुन माझी बायको. तोंडातून निघालंच, तर निघालं.

थांबा जरा. — या विठाबाई, बीपीचीच ना? ही घ्या. सकाळी एक. मागच्यासारखं लवकर बरं वाटावं म्हणून दोन घेऊ नका, गोळी म्हंजी भाकरी न्हाई. — बघितलं? गिऱ्हाइकाला सांगायला कळतं मला. चांगलं कळतं.

तर तळहात पिवळे झाले तिचे. बघायला यायच्या चार दिवस आधीच मला दिसलं होतं. कशानं झालं तेही म्हाईत होतं, शिकलोय मी. मी काय केलं? मेंदी लावायला सांगितली. भरगच्च लाव म्हणलं. पण वेलीच्या मधी कातडी दिसतेच की. बघायला आले त्या दिवशी पोरगाही होता; त्याच्या आईनं मिठाई ठेवायला तिचा हात हातात घेतला आन् तसाच धरून ठेवला. पिवळा, नारिंगी, मेणचट — आपल्या पोटच्या पोरीचा हात, आन् मला बघून शिसारी आली. बाई म्हणाल्या, ‘कावीळ हाय पोरीला. लपवली तुम्ही.’

अल्फिया घाबरली न्हाई. शांतपणे म्हणाली, ‘कावीळ न्हाई, खाला. डोळे बघा माझे, पांढरे हायेत. कॅरोटीन जास्त झालं की हात असे होतात. मी गोरी दिसावी म्हणून अब्बांनी गोळ्या दिल्या.’

सगळे माझ्याकडं बघायला लागले. घरातले, पाव्हणे, सगळे. एक ‘व्हय’ म्हणायचं होतं. मी काय म्हणालो, सांगू? म्हणालो, ‘मी कुठल्या दिल्या? तिनंच आपल्या मनानं काढल्या दुकानातून.’

ती वाद घालू शकली असती. घातला न्हाई. हात सोडवून घेतला, आत गेली. पाव्हणे चहाला हात न लावता उठले.

दौंडच्या डॉक्टरांनी तपासलं — पोरगी म्हणाली तेच खरं निघालं. गोळ्या बंद करा, रंग आपोआप उतरंल. उतरला. दोन महिन्यांत हात पहिल्यासारखे. मग त्या अझरुद्दीनचा फोन आला, तिलाच, माझ्याकडं न्हाई — म्हणाला, मला पसंत हाय, अम्मीला मी समजावतो. तीच न्हाई म्हणाली. ‘तवा तुम्ही समोरच बसला होता,’ एवढंच बोलली आन् फोन ठेवला. मेहरुन रडली. मला कुणी काही म्हणालं न्हाई. म्हणायला पायजे होतं.

न्हाई, बोलते माझ्याशी. जेवायला वाढते, अब्बा म्हणते. पण मागच्या आठवड्यात तिला ताप भरला. बाप मेडिकलवाला, आन् पोरगी शेजारच्या दगडाबाईला म्हणते, मावशी, स्टँडजवळच्या दुकानातून तापाची गोळी आणता का. मी दारातच उभा होतो. पाण्याचा तांब्या नेऊन तिच्या उशाशी ठेवला. ती उठली, अंगात ताप तसाच, भिंतीला धरत धरत आत गेली आन् स्वतःच्या हातानं दुसरा भरून आणला.

माझ्याकडं असं बघू नका, ताई. तुमची गाडी हाय ना सव्वाचारची? मग निघा. आन् ती डबी जाताना गावात कुणाला देऊ नका. जावा.