वारा पडला होता

नाव : हेमलता शंकरराव बोबडे. वय : ५९ वर्षे. धंदा : सेवानिवृत्त, संरक्षण कारखान्यात फिटर होते. राहणार : घमापूर, जबलपूर. दिनांक २१ जानेवारी २०२५, दुपारी १२.२०.

मी आज कोणी न बोलावता चौकीत हजर होऊन सांगते की, मला हिंदी चांगली येते. पण रागात माझी हिंदी बिघडते, म्हणून जबाब मराठीत लिहून घ्यावा. हवालदार शर्मिला यांना मराठी येत असल्याने त्या लिहून घेत आहेत.

माझी शिडाची एक लहान होडी आहे. ती मी व आमच्याच कारखान्यातले निवृत्त सुतार मुरलीधर ढोबळे, वय ६२, यांनी सहा वर्षांपूर्वी मिळून बांधली. आमची मैत्रीण वसुधा खापरे, वय ५७, घरी हार्मोनियम शिकवते. हिवाळ्यात दर रविवारी आम्ही तिघे बरगीच्या जलाशयात होडी घालतो. होडीला मोटर नाही. वसुधा सुकाणू धरते, मुरलीधर शीड सांभाळतो, मी दोघांना शिव्या घालते. हे वाक्य लिहावे.

दिनांक १९ रोजी सकाळी सव्वादहाला आम्ही पाण्यात उतरलो. थंडी ओसरली होती, ऊन कोवळे होते, स्वेटर काढून ठेवले होते. तिघांनीही लाईफ जॅकेट घातले होते. तासभर छान वारा मिळाला. वसुधा गात होती. साडेअकराच्या सुमारास वारा पूर्ण पडला. मुरलीधरने शिडाची दोरी सोडून दिली व आम्ही उकडलेले मटार खात बसलो. काठावर लोक गक्कड, म्हणजे जाड बाट्या, भाजत होते. त्यांच्या गोवऱ्यांचा धूर सरळ वर जात होता. हे मी मुद्दाम सांगत आहे.

त्याच वेळी एक निळी मोटरबोट आली. ती धनेश चालवत होता. त्याचा रिछाई औद्योगिक वसाहतीत कारखाना आहे. मी त्याला ओळखते, कारण मुरलीधरचा मुलगा गौरांग तिथेच कामाला आहे. सोबत तीन इसम, पैकी एक मोबाईलवर व्हिडिओ काढत होता. बोटीने आमच्याभोवती जोरात चक्कर मारली. लाटेने होडीत पाणी आले. मुरलीधर उभा राहून ओरडला, "भैया, दूर से! औरतें बैठी हैं!" धनेश म्हणाला, "अंकल, फ्री में झूला मिल रहा है, मजा लो." दुसरी चक्कर आणखी जवळून मारली. तिसऱ्या वेळी बोट सरळ आमच्या अंगावर आली. वसुधाने होडीचा काठ उजव्या हाताने धरला होता. धडक तिथेच बसली. होडी उलटली.

पाण्यातून मला ऐकू आले, "पलट गई रे!" व हसणे. मग वसुधाचा हात पाण्यावर आला. ते पाहून हसणे थांबले आणि मोटरबोट निघून गेली. आम्हाला एका मासेमार नवरा-बायकोने बाहेर काढले. त्या बाईने आपला पदर फाडून वसुधाचा हात बांधला.

दवाखान्यात वसुधाची दोन बोटे काढावी लागली. तर्जनी व मधले.

त्याच दिवशी संध्याकाळी दवाखान्याच्या जिन्यात मुरलीधर मला म्हणाला, "हेमा, मी चौकीत सांगून आलो. एकदम वारा सुटला अन् होडी पलटली. तू पण तेच सांग."

मी म्हटले, "वारा कुठं होता, मुरली?"

"अरे, पाण्यावर कोणाले काय समजते!"

"तुले समजते. शीड तूच सोडलं होतं ना?"

तो म्हणाला, "गौरांगचं लग्न ठरून राहिलं. नोकरी गेली तर काय करू, सांग न? वसुधाची बोटं तर आता येत नाहीत परत."

मी त्याच्या कानाखाली मारली. कोणी तक्रार केल्यास मी ते नाकारणार नाही.

काल सकाळी धनेश माझ्या घरी आला. म्हणाला, "दीदी, इस उमर में नाव चलाने का शौक ही क्यों?" मी त्याला उंबरठ्याच्या आत घेतले नाही. शौक माझा आहे, बोट आमच्या अंगावर त्याने घातली. दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या लिहाव्यात.

वसुधाने काल विचारले, "मुरली आला नाही काहून?" मी म्हटले, त्याला ताप आहे. मी खोटे बोलले ते एवढेच.

मुरलीधर आत्ता चौकीच्या बाहेर स्कूटरवर बसला आहे. मी आत येताना त्याला म्हटले, चल, सोबत सांगू. तो उतरला नाही. त्याचा आधीचा जबाब खोटा आहे. तो माझा तीस वर्षांचा मित्र आहे हे मला मान्य असूनही खोटा आहे.

हा जबाब शर्मिला यांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात दोन ठिकाणी 'अपघात' असे लिहिले होते. ते शब्द मी खोडायला लावले व शेजारी सही केली. बाकी सर्व मी सांगितले तसेच आहे.

सही : हेमलता बोबडे