चांदणीची चकती

—नाही म्हटलं ना, नाही आली तुझी बायको इथं. किती वेळा विचारशील? बस आधी. ते स्टूल नको, त्याचा पाय हलतो, भिंतीकडचं घे. दार अर्धंच उघडलंय मी, चर्च सुटल्याशिवाय रविवारचं कुत्रं फिरकत नाही या गल्लीत, आणि तू दिवस उजाडतो न उजाडतो तोच हजर — आईची आठवण आली म्हणून? हो हो, आली असेल. वर्षभर नाही आली, ती आज आली. घे, कपभर गरम चॉकलेट घे. घट्ट आहे, चमचा उभा राहील असं, तुझ्या बापाला लागायचं तसं. दातओठ का खातोयस, दमियान? मी काय तुझी बायको आहे घाबरायला?

हसले रे. हसायचं पण नाही का आता? चुरो खा, आत्ताच तळलेत, गरम आहेत. कालच्या पिठाचे नाहीत, आत्ता उकड काढलीये — उकळतं पाणी, पीठ, आणि खांदा निखळेस्तोवर मळायचं. याच खांद्याच्या जोरावर तुला वाढवला मी. हात बघ माझे, कोपरापर्यंत डाग. पण सगळे तेलाचे हां. तेलाला कुणाचा राग नसतो, तेल मुद्दाम कुणाला भाजत नाही. तुझ्या आराथेलीच्या हातावरचे डाग तेलाचे नव्हते. जिन्यावरून पडली म्हणालास फोनवर, मी ऐकून घेतलं. तुमच्या घराला जिना कुठाय, मुडद्या? तळमजल्यावर राहता तुम्ही.

तिकडं काय बघतोस — खुंट्यांवर? रविवारच्या कड्या त्या, तुला काय नवीन आहेत? लव्हाळ्याच्या काडीत चुरो ओवायचे, गाठ मारायची, ज्यानं त्यानं आपली कडी बोटात अडकवून घरी न्यायची. पहिली दोन्या एउलालियाची, साखर भरपूर — दात नाहीत पण हौस दांडगी. तिच्या शेजारची न्हाव्याची. ती मोठी पाद्रीबाबाची, देवाच्या नावानं दोन माणसांचं एकटा खातो. आणि शेवटची... शेवटची माझी. का? मी खात नाही का कधी? हात नको लावूस. तेलकट होईल तुझा कोट, दमियान, हात लावू नकोस म्हणते मी—

बरं. चाटून पाहिलंस. मीठ आहे. हो, मीठच, साखर नाही. आता अख्ख्या गावात चुरोवर मीठ कोण भुरभुरवून घेतं, ते तुला मी सांगायला नको. आणि मला डॉक्टरनं मीठ बंद केलंय तेही तुला ठाऊक. लग्नाच्या दुसऱ्या सकाळी तिनं इथंच मीठ मागितलं होतं, तेव्हा सगळ्यात मोठ्यानं तूच हसलास, दक्षिणेची गावंढळ म्हणून. जळलं मेलं माझं डोकं! हाताला सवय लागली रे — आठवडाभर रोज तिच्यापुरतं मीठ घालतेय, आज लपवायचं तेव्हाही हात मिठाकडेच गेला. डाव्या हातानं खाते बिचारी, चॉकलेट अर्धं हनुवटीवर, उजवा प्लास्टरमध्ये...

बस. खाली बस. नाही बसत? मग उभा राहा, पण आपल्या मधल्या या फळीच्या अलीकडं पाऊल टाकू नकोस. हो, वर आहे ती. तुझ्याच खोलीत, तुझ्याच लहानपणच्या पलंगावर. झोपलीये. दाराला आतून अडसर आहे, लोहाराकडून मीच बसवून घेतला. आणि जिना कुठून जातो ते तुला माहीत आहे — माझ्या पाठीमागून, कढईला घासून. तुझ्या बापानं असा वेडावाकडा बांधला तेव्हा किती शिव्या घातल्या होत्या मी त्याला. आज नाही घालणार.

काय म्हणालास? मी तुझी आई आहे? आहेच. म्हणून तर तुला बसवलं, चॉकलेट पाजलं. दुसऱ्या कुणी पाजलं असतं का, सगळं माहीत असून?

बापाचं तोंड आठवतं तुला? उजवी बाजू? या सोऱ्याला चांदणीची चकती असते, लोकांना वाटतं नक्षीसाठी. नक्षी गेली खड्ड्यात. त्या चकतीनं चुरोला खाचा पडतात, तो आतपर्यंत नीट तळला जातो, वाफ कोंडत नाही. वर्षाच्या पहिल्या सकाळी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती, त्याची चकती तुंबली — घाई फार, अक्कल कमी — त्यानं चकती काढून फेकली आणि गुळगुळीत दांडकाच सोडला तेलात. बाहेरून कवच झालं, आत वाफ. फुटला. तेल छताला लागलं, आणि त्याच्या तोंडाला. तू त्या हलणाऱ्या स्टुलावर होतास, चड्डी ओली केली होतीस. आठवतंय. तुझ्या तोंडावर दिसतंय मला.

आता माझ्या हातातला सोऱ्या बघ. नीट बघ. चकती कुठाय? ही इथं, एप्रनच्या खिशात. मघाशी तू दारातून ‘आई’ म्हणून हाक मारलीस ना, तेव्हाच काढली. तुझ्या बापाचाच आवाज होता तो. असाच गोड, मारायच्या आधीचा.

फेकणार नाही मी काही तुझ्यावर. माझं तळायचं काम आहे, मी तळणार. हा बघ, सोडला तेलात — मनगटाएवढा जाड, बिनखाचांचा. हा दुसरा. मला? मला काय व्हायचं ते होऊ दे, माझ्या तोंडाकडं कोण बघतंय आता. तुझं मात्र देखणं आहे. त्यालाच तर भुलली ती.

एक पाऊल मागं? शहाणा आहेस. अजून एक.

ऐकलंस? मघापासून तडतडत होतं, आता तेल गप्प झालं. त्या दिवशीही फुटायच्या आधी असंच गप्प झालं होतं. कप राहू दे, मी विसळीन. दार ओढून घे जाताना. पुढच्या रविवारी यायचं असेल तर खुशाल ये, चकती माझ्या खिशातच असणार — कढईकडं नको बघूस, जिन्याकडं नको बघूस, दाराकडं बघ, दमियान, जा म्हणते ना, जा, आता—